कानाजोगा आवाज

हर्षितची जीप अंगणात शिरली तेव्हा नम्रता मनस्वीला पायांवर पालथी घालून आंघोळ घालत होती. पोर नेमकी रडायची थांबली होती. हॉर्न वाजला आणि तिने पुन्हा सूर लावला.

"ताई, आहेस का?"

"न्हाणीत आहे. बस ओट्यावर. आणि हॉर्न वाजवू नको म्हणून सांग रे त्या ड्रायव्हरला!"

भावाच्या आवाजाने एरवी तिला बरं वाटलं असतं. आज नुसतं पाठीत कळ गेल्यासारखं झालं. रात्रभर पोरीच्या हिरड्या शिवशिवत होत्या, रविवारचीही शिफ्ट म्हणून पहाटे नवऱ्याचा, प्रज्वलचा डबा, मग थोरल्या जाऊबाई जनाताईंच्या बरोबरीने भाकऱ्या, आणि आता हा हर्षित तीन-तीन सेट घेऊन दारात. बोलावलं तिनेच होतं. प्रज्वलने मुरबाडच्या कंपनीच्या बोनसमधून दिवाळीला कॉम्प्युटर घेतला, तो आणला हर्षितच्या दुकानातून. तेव्हा स्पीकर राहिले ते राहिलेच. गाणी होती, पण ऐकायची तर कानाला वायर लावून, एकाने एकट्याने. "तुला आवडतील ते स्पीकर घे," प्रज्वल म्हणाला होता. "तुझा भाऊच दुकानदार. तू बघ काय ते."

तिला काय आवडणार होतं ते तिने मनाशी कधीच ठरवलं होतं. दुपारी मनस्वी झोपली की मधल्या खोलीत, अगदी हळू, एखादं गाणं. पोर उठणार नाही आणि भांड्यांचा आवाज तेवढा मागे पडेल एवढंच. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने स्वतःसाठी असं काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला आणि घरभर झाला. आता स्पीकर कुठले घ्यायचे हे तिच्या एकटीच्या आवडीचं राहिलं नव्हतं. नणंदेचं, नेहाचं लग्न वैशाखात होतं. आणि लग्नघरात कुठलीच वस्तू एकाची राहत नाही.

पोरीला टॉवेलात गुंडाळून ती बाहेर आली तर मधल्या खोलीत सगळं घर जमलेलं. थोरले दीर आदेश ढाबा पोरांवर सोडून आले होते. माळशेजच्या रस्त्याला त्यांचा ढाबा. रविवार सकाळचं गिऱ्हाईक टाकून ते घरी आले, यावरूनच त्यांचा जीव कशात आहे ते कळत होतं. त्यांची बायको जना दाराला टेकून, पदर खोचलेला. नणंद नेहा कॉम्प्युटरवरचं जुन्या साडीचं झाकण काढून घडी घालत होती. आणि भिंतीशी, पाटावर, सासूबाई. सकुबाई. सगळे त्यांना आय म्हणत. गावात मात्र त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. लग्नविधीची गाणी, म्हणजे धवळे, म्हणणारी धवळारीण म्हटलं की झालं.

"मोठा डबा पयला काढ," आदेश म्हणाले.

"दादा, आधी साधा दाखवतो, मग..."

"साधा कशाला? साधा बघून पोट भरेल काय? मोठा काढ रं."

हर्षितने मोठं खोकं फोडलं. आतून पेटीएवढा वूफर निघाला आणि त्याच्याबरोबर पाच लहान डबे, लांबच लांब वायरी. पाची डबे खोलीभर ठेवायचे म्हटल्यावर एकच धांदल उडाली. एक कपाटावर गेला, एक फ्रिजवर, एक खिडकीत. चौथा हर्षित देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायला गेला.

"देवाच्या डोक्यावर नको रे बाबा," नेहा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गो," जना हसली. "देवाला बी जरा हळदीची गाणी ऐकू दे. आपल्या आरत्या ऐकून कंटाळला असल."

"आणि पाचवा?"

"पाचवा तुझ्या सासरी पाठवू. वायर पुरली तर."

नेहाने वहिनीला कोपर मारलं. नम्रता पोरीला पावडर लावत सगळ्यांकडे बघत होती आणि मधूनमधून आयकडे. आय खोलीभर पसरणाऱ्या वायरींकडे बघत होत्या, पोळं फुटलं की माश्या कुठून निघतात ते बघावं तशा.

"यूपीएस कुठाय?" हर्षितने टेबलाखाली वाकून विचारलं. "मी दिला होता ना बरोबर?"

सगळ्यांनी आदेशकडे पाहिलं. मग आदेश म्हणाले, "ढाब्यावर नेलाय. तिकडं ट्यूबलाइट चालते त्याच्यावर."

"दादा, तो कॉम्प्युटरसाठी असतो. लाइट गेली तर बंद पडेल हा एकदम."

"तर पडू दे. परत चालू होतोय नव्हं?"

गाणं लागलं. लागलं म्हणजे अंगावर आलं. हळदीचं गाणं, ढोलकी आणि खाली वूफरचा दणका. फडताळातल्या बशा किणकिणल्या. मनस्वी दचकून नम्रताच्या मानेला बिलगली. आदेशच्या चेहऱ्यावर मात्र हळद लागल्यासारखं तेज.

"हां! हा आवाज! टोकावड्याच्या नाक्यावर ऐकू जाईल."

"नाक्यावरच्या लोकांनी मागितलाय का?" जना म्हणाली. पण पाय तिचाही हलत होता.

"आय, कसा वाटतो?" आदेशनी ओरडून विचारलं.

आयनी नम्रताकडे पाहिलं. एकच क्षण. मग हात जमिनीवर सपाट ठेवला आणि मान हलवली. "हाच घ्या. हा चांगलाय."

सगळे चपापले. ज्या बाईने डीजेला आयुष्यभर शिव्या घातल्या, ज्या बाईला मांडवात डबे दिसले की धवळा अर्ध्यावर सोडून उठावंसं वाटायचं, ती म्हणते हाच घ्या!

"बघा," आदेश म्हणाले. "आयनी सांगितलं. संपला विषय."

फक्त नम्रताला माहीत होतं आय असं का म्हणाल्या ते. जमिनीवर ठेवलेला तो हात तिने पाहिला होता.

*

तुळशीच्या लग्नाला तिला पहिल्यांदा कळलं. आय ओळ टाकायच्या, बायका ती झेलायच्या, मग आय पुढची टाकायच्या. वर्षानुवर्षांचं ते. त्या दिवशी बायकांची ओळ संपायच्या आतच आयची पुढची सुरू झाली. एकदा, दोनदा. बायका हसल्या, "धवळारणीला घरी जायची घाई झाली गो!" आयही हसल्या. पण नम्रता समोर बसली होती, आणि तिने आयचे डोळे पाहिले. ते एकेका बाईच्या तोंडावरून फिरत होते, ओठ मिटले की नाही ते शोधत.

त्यानंतर माघातल्या लग्नांत नम्रता पोरीला मांडीवर घेऊन बरोबर आयच्या समोर बसू लागली. बायकांची ओळ संपली की ती पापण्या खाली करायची. आय पुढची ओळ उचलायच्या. कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिनेही आयना विचारलं नव्हतं. घरीसुद्धा जना काही बोलली की आय आधी नम्रताकडे बघत. ती हसली की हसत. ती गप्प राहिली की "बघू" म्हणत. दोघींत यावर कधी अवाक्षर निघालं नाही. पण दमायला होई. स्वतःचे कान, पोरीचे कान आणि आता सासूचेही कान तिनेच सांभाळायचे. रात्री आडवी झाली तरी कोणीतरी हाक मारतंय असं वाटत राही.

नेहाच्या लग्नात काय करायचं हा विचार तिला खात होता. आयनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "लेकीचा धवळा मीच म्हणणार. त्यानंतर गाणार नाय कोणाचा." घरात बाकी कुणाला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नव्हतं. म्हातारी माणसं असं बोलतातच. पण नम्रताच्या डोळ्यांपुढे तो मांडव उभा राहिला होता. वऱ्हाड भिवंडीकडचं, चारशे डोळे मांडवात, आणि नवरीची आई ओळीवर ओळ घालतेय.

*

"दुसरा लावतो," हर्षित म्हणाला. "एक वूफर, दोन डबे. घरात ऐकायला हा बास होतो."

दुसरा सेट लागला. आवाज मवाळ, तरी खाली दणका होताच. आयनी हात जमिनीवर ठेवला आणि "हा बी चांगलाय" म्हणाल्या. आदेशनी तोंड वाकडं केलं. जना म्हणाली, "हा बरा. बशा फुटायच्या नाय."

"तुला बशांचीच पडलीय."

"मग कोणाची पडू दे? तुमी काय, लग्न झालं की डबे उचलून ढाब्यावर. मला ठाव नाय काय?"

आदेश वायर गुंडाळायला लागले. नेहाला हसू आलं. म्हणजे रविवारचं गिऱ्हाईक सोडून यायचं कारण ते होतं.

"आणि तुमचं काय हो?" जनाने आता मोर्चा नम्रताकडे वळवला. "भाऊ तुमचा, दुकान तुमचं. माहेरचा माल सासरी खपवायचा, चांगलाय धंदा. तुमाला कुठला हवाय तो तरी सांगा."

"मला..." नम्रता म्हणाली आणि थांबली. खरं सांगायचं तर तिसरा. हर्षितच्या पिशवीत होता तो, खोक्यातही धड नव्हता. दोन लहान डबे, हातात मावतील एवढे, वूफर नाहीच. "तो तिसरा पण लावून बघू."

"ती खेळणी?" आदेश म्हणाले.

हर्षितने खेळणी लावली. नेहाने या वेळी ढोलकीचं गाणं काढून टाकलं आणि एक जुनं, संथ गाणं लावलं. एक बाई गात होती आणि मागे जेमतेम एक पेटी. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. गाण्यातला एकेक शब्द सुटा येत होता. बाईने श्वास घेतलेला ऐकू येत होता. मनस्वीने मानेवरचं डोकं उचललं आणि आवाज कुठून येतो ते बघायला लागली. नम्रताला वाटलं, हेच. हेच तर मला हवं होतं.

आयनी तिच्याकडे पाहिलं. नम्रता हसली होती, म्हणून आय हसल्या. मग गाणं ऐकताना त्या नेहमी करत तसे त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवू लागल्या, बोटाने मांडीवर ताल धरून.

तेवढ्यात मनस्वीने आंघोळीनंतरचं दूध भळकन ओकलं. नम्रता उठली, फडकं शोधायला वळली.

आणि लाइट गेली.

गाणं शब्दाच्या मधोमध तुटलं. पडदा काळा झाला. बाहेर एक कोंबडी आरवल्यासारखी ओरडली, लांबून एसटीचा घाटाकडे चढतानाचा आवाज आला आणि तोही गेला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"गेली," आदेश म्हणाले. "आजपासून वेळ बदलली वाटतं यांनी लोडशेडिंगची."

कोणी हललं नाही. कारण आयची मान हलत होती. डोळे मिटलेले, ओठांवर मघाचंच हसू, बोट मांडीवर टप टप चाललेलं. त्या मनातल्या मनात कुठलं गाणं ऐकत होत्या कोण जाणे. नेहाचा हात माऊसवरच राहिला. जनाने तोंडावर पदर धरला. हर्षितने आधी बहिणीकडे आणि मग खाली पाहिलं.

नम्रता हातात फडकं घेऊन वळली तेव्हा उशीर झाला होता.

"हा बी चांगलाय," आय डोळे मिटूनच म्हणाल्या. "पण जरा बारीक हाय आवाज."

*

त्यांनी डोळे उघडले आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे त्यांना दिसलं. मग काळा पडदा दिसला. मग नम्रताचा चेहरा. तिन्हींचा अर्थ त्यांनी एका क्षणात लावला. आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघून त्यांनी मांडव सांभाळले होते, त्यांना सांगावं लागलं नाही.

"आय," आदेश म्हणाले, "तुला ऐकू येत नाय?"

"येतंय."

"लाइट गेली कधीची."

"येतंय म्हणलं ना!" त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कोणाचा आधार न घेता. पाटाला पाय लागला, पाट वाजला. सरळ मागच्या पडवीत गेल्या आणि सुपात तांदूळ घेऊन बसल्या. पाखडायला लागल्या. कालच पाखडून ठेवलेले तांदूळ.

मधल्या खोलीत आदेश वूफरवरच बसले. "मी तिला ढाब्यावरून फोन करतो," ते कोणालाच उद्देशून बोलल्यासारखं म्हणाले, "आणि ती नुसतं बरं बरं म्हणते. मी इकडं चिडतो. मला वाटायचं मुद्दाम करते. परवा तर मी शिवी घातली."

"तुमाला ठाव होतं," जना नम्रताला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. "म्हणून तुमी समोर बसायच्या सगळीकडं. मी म्हणायची, ही पोरीला घेऊन आयच्या पुढ्यात लाडकी होऊन बसते."

"जनाताई..."

"थोरली सून मी. मला सांगायला नको? मीच मेली वाईट नेहमी. मी मोठ्यानं बोलले की म्हणायचं जना ओरडते. अगो, ती 'काय काय' म्हणते म्हणून ओरडते मी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला. "आता धवळ्याचं काय? व्याही काय म्हणतील? आयचं हसं झालेलं मी बघून घेणार नाय, सांगून ठेवते. बाजारात धवळ्यांची सीडी मिळते. ती लावू मोठ्या डब्यावर. आय बसल पुढ्यात, मान राहील तिचा."

"सीडीवर?" नेहा पहिल्यांदा बोलली. "माझी हळद सीडीवर?"

"मग काय करू? तुझ्या आईला चारचौघांत उघडी पाडू?"

"मोठा डबा घेतला तर तिला ऐकू येईल," आदेश म्हणाले. "मघाशी आला ना तिला."

"नाही आला," नम्रता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला खरं तर खाली बसायचं होतं. पोरीला कुणाच्या तरी हातात द्यायचं होतं आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे होते. "त्यांनी हात जमिनीवर ठेवला होता. जमीन हलते तेवढी कळते त्यांना. दणका कळतो. शब्द नाही कळत."

ती पोरीला घेऊन पडवीत गेली.

आय पाखडत होत्या. नम्रता त्यांच्या उजव्या बाजूला बसली, अगदी लगत, आणि रोज स्वयंपाकघरात बोलायची तसं हळू आवाजात बोलली. "आय, माझं चुकलं. मनस्वी ओकली, मी वळले."

"तुझं काय चुकलं? पोर आधी." सूप थांबलं. "आज नाय तर मांडवात झालं असतं. बरं झालं घरात झालं." मग त्या म्हणाल्या, "मोठ्या डब्यात नुसतं जातं फिरल्यागत होतं गो. पीठ पडतच नाय. आदेश ओरडतो तेव्हा बी तसंच. तू बोलतेस तेवढं येतं. जवळ असतीस म्हणून."

"मग मोठाच घ्या का म्हणालात?"

"काय तरी येतंय असं तरी वाटलं." त्यांनी तांदळातून खडा नसताना खडा काढून टाकला. "सांग जनीला, सीडी लाव म्हणावं. मी बसते. नेहाच्या हळदीला हात लावते आणि उठते. बायकांनी ओळ झेलली का नाय ते कळलं नाय तर कसला धवळा? एकटीनं बडबडायला मी काय येडी हाय?"

मनस्वीने हात लांब करून सुपातले तांदूळ मुठीत धरले. आयनी तिची मूठ सोडवली नाही.

नम्रता बसून राहिली. दमलेल्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जवळ असतीस म्हणून. आवाज मोठा नको, जवळ हवा. मांडवात ती कानाशी बसून कशी बोलणार? शंभर बायका ओळ झेलणार, त्या समोर. तिचं तोंड आयच्या कानाशी कसं न्यायचं?

ती उठली ती एकदम, पोर आयच्या मांडीवर ठेवून. "हर्षित, त्या कॉम्प्युटरबरोबर एक माइक आला होता ना रे? वायरवाला?"

*

लाइट यायला दुपार झाली. तोवर हर्षितला सुकटीचं कालवण आणि भात खायला घातला, दोनदा निघालेल्या त्याला दोनदा बसवला. माइक नेहाच्या शिवणाच्या डब्यात सापडला, दोऱ्यांमध्ये गुंडाळलेला. तिसऱ्या सेटमधला एक लहान डबा आयच्या पाटाखाली सरकवला. पाट जरा उंच व्हावा म्हणून आदेशनी दोन विटा आणल्या. डब्याचं तोंड उजव्या कानाकडे. वायर लांबवायला हर्षितने मोठ्या सेटची एक वायर खुशाल कापून जोडली.

"मोठा सेट मग विकला जायचा नाही हां," तो म्हणाला.

"नाय तर नाय," आदेश म्हणाले. त्यांनी वूफर स्वतःच उचलून खोक्यात घातला आणि खोक्याची झाकणं एकमेकांत अडकवली. जना बघत होती, पण या वेळी काही म्हणाली नाही.

"माइक आत, दाराच्या पलीकडे," हर्षितने सांगितलं. "जवळ आणला तर शीळ घालेल. आणि हे बटण पुढे केलं की बारीक आवाज वर येतो. जाडा कमी."

नेहा माइक घेऊन आतल्या खोलीत गेली. आय पाटावर बसल्या, ताठ, परीक्षेला बसवल्यासारख्या. नम्रताला त्यांनी मुद्दाम समोर बसू दिलं नाही. "तू बाजूला हो. तुझं तोंड दिसायला नको मला."

मग त्यांनी ओळ टाकली. आवाज अजून तोच, जाड, चिरका, उन्हात वाळलेला.

"उंबराच्या फांदीखाली पाट मांडिला गो बाई..."

आतून नेहाने ओळ झेलली. पाटाखालच्या डब्यातून तिचा आवाज आला, पातळ, जवळचा.

"पाटावरी लेक बैसे, माय उभी तिच्या पायी..."

जनाने दाराची चौकट धरली. आय तशाच बसलेल्या, मान किंचित उजवीकडे झुकवून. नम्रताला वाटलं, नाही. नाही जमलं.

"नेहे!" आय ओरडल्या. "मधली ओळ कुठं खाल्लीस? हळदीच्या वाटीची? माझ्याबरोबर मांडवांत झोपायला येत होतीस काय?"

आतून हसण्याचा आवाज आला, माइकमधून आला म्हणून सगळ्या खोलीत आला, आणि त्या हसण्यात मध्येच रडू फुटलं तेही आलं. आयना तेही ऐकू गेलं असणार. त्या एकदम म्हणाल्या, "रडू नको गो. परत म्हण."

मांडवात वायर दिसेल, व्याही विचारतील, हे जनाला सगळ्यात आधी सुचलं. "माझी हिरवी नऊवारी हाय ती पाटावर घालते दुपदरी, खाली सोडते. वायर दिसता कामा नये. कोणी विचारलं तर सांगायचं, धवळारणीच्या पाटाला साडी लागते, आमच्यात रीतच हाय."

"आहे का अशी रीत?" हर्षितने विचारलं.

"आजपासून हाय," जना म्हणाली.

"पण माइकवर कोण?" आदेश म्हणाले. "नेहा तर नवरी. ती स्वतःच्या हळदीत आत बसून ओळी झेलल काय?"

मग आयनी, पाटावरून न उठता, मान वळवली.

"नम्रता म्हणल."

"मला येत नाही आय. आमच्याकडे धवळेच नव्हते. एक ओळ पाठ नाही माझी."

"शिकशील. बायका झेलतात तेवढंच तू माइकात म्हणायचं, त्यांच्या बरोबरीनं. माझ्या कानाशी. आतापर्यंत डोळ्यानं म्हणत होतीस, आता तोंडानं म्हण."

नम्रताने सगळ्यांकडे पाहिलं. आदेश, जना, दारात माइक घेऊन डोळे पुसणारी नेहा. तिला हवे होते तेच स्पीकर घरात राहिले होते. दुपारची झोप मात्र वैशाखापर्यंत गेली होती. तिने मनस्वीला जनाकडे दिलं. जनाने पोर घेतली, पहिल्यांदाच काही न म्हणता घेतली, आणि खांद्यावर थोपटत म्हणाली, "जा. म्हण. मी भाकऱ्या करते आजच्या."

*

प्रज्वल आला तेव्हा दिवे लागायची वेळ होती. अंगणात त्याला आईचा आवाज ऐकू आला. लग्नाला अजून अवकाश, आणि ओटीवर धवळा चाललेला. तो आत आला तर मधल्या खोलीत वायर सरपटत गेलेली, आतल्या खोलीच्या दाराशी नम्रता भिंतीला टेकून बसलेली, हातात माइक. मांडीवर मनस्वी उताणी झोपलेली, तोंड उघडं. पुढ्यात कागदाच्या तुकड्यावर नेहाच्या अक्षरात ओळी. नम्रताचे डोळे मिटत चालले होते.

"स्पीकर घेतलेस?" तो हळूच म्हणाला.

"घेतले."

"कुठले? कुठे ठेवले? गाणी ऐकायला आणले ना?"

तिने बाहेर बोट दाखवलं. "ऐकतायत ना."

त्याला काही कळलं नाही. तिला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. ती माइक खाली धरून नुसती बसली, डोकं भिंतीला टेकून. दिवसभरात घर पहिल्यांदा शांत झालं होतं. पोरीचा श्वास, चुलीवर जनाताईंच्या भाकरीची थाप, बस. एवढी शांतता तिला हवीच होती. क्षणभर तिला वाटलं, राहू द्यावं असंच.

"नम्रता!" ओटीवरून आयचा आवाज आला, मोठा, नीट, चिडलेला. "थांबलीस का गो? कवाची माझी ओळ झाली!"

नम्रताचे डोळे उघडले. ती प्रज्वलकडे बघून हसली, त्याला का ते कळलं नाही. मग तिने माइक ओठांशी नेला आणि पोर उठू नये इतक्या हळू आवाजात ओळ झेलली.